नारायण पेठेतलं फ्रेमचं दुकान आणि आजोबांची राज्याभिषेकाची तसबीर

आमचं पेठेतलं जुनं घर रिकामं करताना शिवराज्याभिषेकाची छापील तसबीर मी घेऊन आले. आजोबांनी लावलेली. काच तडकलेली, मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लेला, कागद पिवळा पडलेला. आधी एका ठिकाणी दाखवली तर ते म्हणाले खालची पांढरी पट्टी कापू म्हणजे तयार फ्रेममध्ये बसेल, आणि चित्र बोर्डवर चिकटवून देतो. मला ते काही पटेना, म्हणून नारायण पेठेत गल्लीत आत एक छोटं दुकान आहे तिथे गेले.

तिथल्या काकांनी खिळे काढून चित्र बाहेर घेतलं आणि पहिलंच म्हणाले, "पट्टी कापायची नाही हं ताई, चित्रकाराचं नाव आहे त्यावर." आणि आम्ही सगळे इतकी वर्षं हे रविवर्म्याचं समजत होतो! नाव होतं एम. व्ही. धुरंधर. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, कोल्हापूरचे, १८९० ला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले ते तिथेच शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या प्रमुखपदाचं काम बघणारे पहिले भारतीय. आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. १९४४ ला गेले. घरोघरी त्यांचं चित्र आणि नाव कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

काच काढल्यावर ते चित्र मी पहिल्यांदा नीट बघितलं. शंभराच्या वर माणसं आहेत त्यात, आणि उजवीकडे वाकून मुजरा करणारा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, ऑक्झिंडेन, लहानपणी मला तो नुसता टोपीवाला वाटायचा. एवढी गर्दी असून नजर सिंहासनावरच जाते, ही कमाल आहे त्या माणसाची.

आता कामाचं. चित्र कुठेही चिकटवलं नाही, वरच्या बाजूने फक्त दोन कागदी पट्ट्यांवर टांगलंय, मागे ॲसिड फ्री (कागद पिवळा न पाडणारा) बोर्ड आणि पुढे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, त्यामुळे पावसाळ्यात ओल धरली तरी कागद काचेला चिकटत नाही. फ्रेमची जुनी सागवानी पट्टी पॉलिश करून तीच वापरली. सगळे मिळून १,८५० झाले, मला वाजवी वाटले. चार दिवस सांगून नऊ लागले, तेवढा एक स्टार कमी. दुपारी १ ते ४ बंद असतं, आणि माप सांगून काम होत नाही, चित्रच घेऊन जा.

काकांनीच सांगितलं की औंधच्या भवानी संग्रहालयात धुरंधरांची मूळ चित्रं आहेत, सातारा जिल्ह्यातलं औंध हं, आपलं बाणेरजवळचं नाही. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात होतं, पुढच्या रविवारी आईला घेऊन जातेय.