ठिसूळ मणक्यात स्क्रूची पकड: सिमेंट, कॉर्टिकल मार्ग की आधी इंजेक्शनं?

ठिसूळ हाडातला पेडिकल स्क्रू (मणक्याच्या मागून, पेडिकल नावाच्या हाडाच्या खांबातून आत बसवलेला) सहसा सरळ उपटून येत नाही. रुग्ण उठते, वाकते, आणि दर हालचालीला स्क्रू गाडीच्या वायपरसारखा हलतो. आजूबाजूचं जाळीदार हाड चेपत जातं आणि पुढे एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कडा दिसू लागते. पर्याय निवडताना ही हालचाल थांबेल का, एवढंच बघायचं.

आधी हाड मोजा. वयस्क कमरेचा डेक्सा (हाडाची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) फसवतो, कारण मणक्यांच्या कडेला वाढलेलं हाडही त्यात मोजलं जातं आणि टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलनेचा आकडा) उगाच चांगला दिसतो. नितंबाचा डेक्सा जास्त खरा. सीटी झालेलाच असेल तर एल-1 च्या (कमरेच्या पहिल्या मणक्याच्या) आतल्या जाळीदार भागाचे हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरचा घनतेचा आकडा) वाचा. 110 च्या खाली आकडा आला तर ऑस्टिओपोरोसिस धरूनच चाला. मात्र कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत आकडा फुगतो.

सिमेंटचा विचार करण्याआधी फुकटातल्या गोष्टी करून घ्या. पेडिकलमध्ये मावेल तेवढा जाड स्क्रू घ्या, पण अतिजाड नको, पेडिकलची भिंत फुटते. 6.5 मिमी स्क्रूसाठी टॅप (हाडात आटे पाडायचं हत्यार) 5.5 चाच. वाट एकदाच पाडा, कारण काढून पुन्हा घातलेल्या स्क्रूची पकड कमी होते. निमुळता स्क्रू उंची जुळवायला अर्धा फेरा जरी उलटा फिरवला, तरी तो सैल पडू शकतो.

एवढ्याने भागणार नसेल तर सिमेंट, म्हणजे पीएमएमए (आत घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक). टोकाशी भोकं असलेला स्क्रू बसवून त्यातून ते सोडतात. पकड लगेच वाढते आणि पेडिकलचा मार्ग नेहमीचाच राहतो, ही त्याची जमेची बाजू. कमरेच्या मणक्यात एका स्क्रूला 1.5 ते 2.5 मिली, छातीच्या मणक्यात साधारण 1 ते 1.5 मिली. त्यापुढे पकड फारशी वाढत नाही, गळती मात्र वाढते. सगळे स्क्रू आधी बसवा आणि एखाद्याचं टोक मणक्याच्या पुढच्या भिंतीतून बाहेर गेलेलं नाही ना, हे सी-आर्मवर (ओटीतल्या चालत्या एक्स-रे यंत्रावर) दोन्ही दिशांनी बघा.

खरी चूक घाईची. सिमेंट पातळ असताना सोडलं तर ते शिरांत शिरतं आणि तिथून फुप्फुसात जातं. ते टूथपेस्टसारखं होऊ द्या: सुईच्या टोकाला आलेला थेंब लोंबत राहिला पाहिजे, खाली पडता कामा नये. एसी नीट चालत नसलेल्या ओटीत ही वेळ फार लवकर येते आणि तेवढ्याच लवकर निघूनही जाते. अर्धा-अर्धा मिली, सी-आर्म चालू ठेवून. सिमेंट मागे कण्याच्या नळीकडे सरकताना दिसलं की तिथेच थांबा. सोडण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना सांगा, त्या मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. घट्ट होईपर्यंत स्क्रूला हात लावू नका. पुढे जंतुसंसर्ग झाला तर हे सगळं काढणं जिकिरीचं होतं, म्हणून संसर्गाची शंका असलेल्या रुग्णात आम्ही सिमेंट टाळू.

कॉर्टिकल मार्गाचं गणित वेगळं. स्क्रू पार्सपासून (मणक्याच्या मागच्या कमानीतल्या अरुंद भागापासून) वर आणि बाहेरच्या दिशेने जातो आणि जाळीदार हाडाऐवजी कडक हाड पकडतो. 2009 च्या शवांवरील चाचणीत त्याला उपटायला सुमारे 30 टक्के जास्त जोर लागला होता. स्क्रू आखूड आणि बारीक, साधारण 5 ते 5.5 मिमी जाडीचा. इथे टॅपचा नियम उलटा होतो: बरने (हाड कोरणाऱ्या ड्रिलने) सुरुवात करून स्क्रूच्याच मापाचा टॅप मारायचा, नाहीतर पार्स तडकतो. सिमेंट लागत नाही, स्नायूही कमी उघडावे लागतात. पण पार्स मुळात तुटलेला असेल किंवा लॅमिनेक्टॉमीत (मणक्याची मागची कमान काढताना) बरंच हाड गेलं असेल, तर हा मार्ग बंद. एका-दोन पातळ्यांसाठी आमची पसंती यालाच. पाठीत लांबवर रॉड न्यायचा असेल तर नाही, तिथे स्क्रूंची डोकी एका रेषेत येत नाहीत.

नसांवर तातडीचा दाब नसेल तर तिसरा पर्याय थांबण्याचा आहे, आणि तो विनाकारण मागे पडतो. टेरिपॅराटाइड (हाड वाढवणारं इंजेक्शन) रोज 20 मायक्रोग्रॅम, त्वचेखाली. शस्त्रक्रियेच्या दोन-तीन महिने आधी सुरू करून नंतरही चालू ठेवायचं. त्याआधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासा. हाडाचा कर्करोग झालेल्यांना किंवा हाडांवर रेडिएशन घेतलेल्यांना ते देत नाहीत. कोर्स संपल्यावर हाडाची झीज रोखणारं औषध लगेच सुरू केलं नाही, तर कमावलेलं हाड पुन्हा जातं. पेन फ्रीजमध्येच ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि उघडल्यापासून 28 दिवसांनी औषध उरलं असलं तरी टाकून द्यायचं. रुग्णाच्या घरी हे दोनदा सांगावं लागतं.