कॅम्परमधला फ्रिज आणि पाणसळ: नऊ महिन्यांनंतर

कारमागे ओढायचा कॅम्पर घेऊन नऊ महिने झाले. त्याच्या गाद्या, खिडक्या, ओटा यांवर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय. मी फ्रिजवरच लिहिणार, कारण नऊ महिने डोक्याला ताप दिला तो त्यानंच.

गॅसवरचा ॲबसॉर्प्शन फ्रिज आहे. कॉम्प्रेसर नाही, ज्योत अमोनियाचं द्रावण तापवते आणि पुढे ते नळ्यांमधून आपल्याच वजनानं, उतारानं परत येतं. कॅम्पर कलला की द्रावण अडतं, तापत राहतं, आत खडे धरतात आणि नळी कायमची चोंदते. हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं. कॅम्पर उभा करायची माझी जागा म्हणजे ना वीज, ना नळ, आणि सपाट तर ताटाएवढीही नाही. तिसऱ्या आठवड्यात दूध नासलं. सर्व्हिसवाला आला, ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा पार टोकाला. "वाकडा उभा केलाय, वॉरंटीत बसत नाही." विकताना तोंडाला कुलूप होतं का? दोन दिवस फोनवर भांडलो, शेवटी कूलिंग युनिट खिशातूनच बदललं.

आता आडवा कल फळ्यांनी काढतो: खालच्या बाजूच्या चाकाखाली सरकवायच्या, मग चाक सरकू नये म्हणून उटी लावायची. लांबीतला कल पुढच्या जॉकी व्हीलनं, म्हणजे खालीवर करता येणाऱ्या छोट्या चाकानं. पंधरा मिनिटांचं काम.

मध्ये १,१०० किलोमीटर ओढून नेला. तिकडे पाणी विकत कशाला घ्या म्हणून १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली. ती ॲक्सलच्या मागे, म्हणजे शंभर किलो शेपटीला. पुस्तिकेत हिचवर, म्हणजे कॅम्पर कारला जोडतो त्या सांध्यावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार सांगितलाय. माझा पार हलका झाला. ताशी ८० ला कॅम्पर डोलायला लागला. ॲक्सिलरेटर सोडला, कारचा ब्रेक न मारता कॅम्परचा हातानं दाबला, तेव्हा सरळ झाला. पुढच्या थांब्यावर टाकी ओतून दिली. जीव तुटला.

फ्रिजबद्दल मात्र मत थोडं बदलावं लागलं. सलग पाच दिवस ढग होते, सोलर नावालाच. लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-अवरची असली तरी निम्म्याखाली उतरवायची नसते. कॉम्प्रेसरचा फ्रिज दुसऱ्याच दिवशी बसला असता. हा निळ्या ज्योतीवर चालत राहिला, आवाज शून्य. मी दिव्यापुरतीच बॅटरी वापरली.

तरी युनिटची पावती त्याच्याच दारावर चिकटवून ठेवलीय.