दीड हजार खात्यात की तीनशे फुटांचं घर?

आमच्या भांडुपच्या चाळीत सध्या हाच वाद चालू असतो, गरिबाला वर यायला काय जास्त कामाचं, लाडकी बहीणचे महिन्याला १५०० की एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं, फुकट घर.

१५०० चं म्हणाल तर २०२४ पासून सुरू झालं, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे, आणि पैसे थेट बाईच्या खात्यात. हे मोठं आहे हां. आमची मावशी चार घरची धुणीभांडी करते, तिनं पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता गॅस सिलेंडर भरला आणि उरलेल्यात पोरीच्या क्लासची फी थोडी थोडी भरतेय. पण हे पैसे जातात सरकारी तिजोरीतून, म्हणजे टॅक्समधून, आणि मुंबईत १५०० म्हणजे भाजी, दूध, संपलं.

एसआरएचा खेळ वेगळा. तिथं सरकार खिशातून जवळपास काही काढत नाही, बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळते, तो विकायचे फ्लॅट बाजारभावाने विकतो आणि त्यातून झोपडीवाल्याला ३०० चौरस फूट. एका फटक्यात लाखोंची मालमत्ता नावावर. फक्त १ जानेवारी २००० च्या आधीपासून तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. ज्या भाडेकरूकडे असा पुरावा नाही त्याला तर काहीच नाही, मग तो गरीब नाही काय? वर लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावर पाण्याचे हंडे, आणि मेंटेनन्स वेगळा.

मला विचाराल तर घरच. पण मावशीला विचारलं तर म्हणते, आधी ह्या महिन्याचा हप्ता आला का बघ.