मांडवीवरच्या ‘डिनर क्रूझ’चे 8,750 रुपये

गेल्या डिसेंबरात पणजीला मांडवी नदीवर जेवणाच्या बोटीच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. वीस वर्षे हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने हे लिहावे याची लाज वाटते. पण मला फसवणारा माणूस आजही तिथे उभा असेल, म्हणून लिहितो.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून आम्ही पाच जण सांगलीहून गेलो होतो. पुलाजवळच्या जेटीबाहेर गाडी लावत असतानाच गळ्यात ओळखपत्र आणि हातात पावतीपुस्तक असलेला एक तरुण अदबीने पुढे आला. जेवणासह माणशी 2,000 रुपये, वरच्या मजल्यावर राखीव टेबल, असे त्याने सांगितले. मी घासाघीस करून दर 1,750 वर आणला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. दर इतक्या सहज उतरतो तेव्हा मुळात किंमतच खोटी असते, हे माझ्यासारख्याला कळायला हवे होते.

पैसे भरताना मोबाइलच्या पडद्यावर बोटीचे नाव न येता कसल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे नाव आले. मी ते वाचले. पत्नीनेही वाचले आणि माझ्याकडे पाहिले. “मालकाचेच दुसरे खाते आहे, साहेब,” असे तो म्हणाला आणि मी पिन टाकला. तो क्षण अजूनही झोपेत आठवतो. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. समोरचा कितीही गोड बोलत असो.

त्याने तिकिटे पाकिटात घालून वर ‘डिनर – 5’ असे लिहिले आणि तोंडाला दोन पिना मारल्या. “गेटवरच उघडतील, तुम्ही काढू नका,” असे त्याने बजावले. मीही आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे ते बंद पाकीट गेटपर्यंत नेले. मागून गर्दी रेटत होती, कडेवर मुलगा होता. तिथे तिकीट वाचणे कोणालाच शक्य झाले नसते. तरीही सांगतो, पाकीट फोडा आणि तिकिटावरची वेळ व किंमत पैसे देण्याआधी वाचा.

सात वाजता बोट सुटली. बोटीवर नाच सुरू झाले: देखणी झाली, फुगडी झाली, कोरिदिन्योही झाला. सासऱ्यांना मधुमेह आहे. आठला जेवण आहे या भरवशावर त्यांनी पावणेआठला गोळी घेतली. जेवणाचे विचारल्यावर बोटीवरचा कर्मचारी शांतपणे म्हणाला, “हांगा जेवण मेळना, सायबा.” ती एका तासाची साधी फेरी होती आणि तिकिटांवर माणशी 500 रुपये छापलेले होते. म्हणजे 2,500 रुपयांच्या मालासाठी मी 8,750 मोजले होते. सासऱ्यांना चिप्सचे पाकीट खाऊ घालून आम्ही कसेबसे किनाऱ्याला लागलो.

तिकीट खिडकीवर “तो आमचा माणूस नाही” एवढेच उत्तर मिळाले. रोज संध्याकाळी खिडकीपासून वीस पावलांवर उभा राहणारा माणूस यांना माहीत नसतो! पोलीस चौकीत “तिकिटे खरी आहेत, तुम्ही फेरीही केली, मग फसवणूक कसली? पर्यटनवाल्यांकडे जा,” असा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात पाऊण तास बसवून मला पुन्हा पोलिसांकडेच पाठवण्यात आले. बँकेचे म्हणणे असे की पिन तुम्हीच टाकला. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि चुकीचा फक्त मी! सायबर फसवणुकीसाठी असलेल्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, पण दीड दिवसाने. अशा वेळी पहिल्या तासातच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की ते अडवणे कठीण होते. व्यवहाराचा क्रमांक आणि माणसाचा फोटो हाताशी ठेवा. माझ्याकडे फोटो नव्हता.

फोटो मिळावा म्हणून तक्रार नोंदवली त्याच संध्याकाळी मी पुन्हा जेटीवर गेलो. तो तरुण तिथेच होता. मला पाहताच तो गाड्यांच्या आड झाला, पण त्याने नुकतेच हातात पाकीट दिलेले एक कुटुंब फाटकाकडे निघाले होते. मी धावत जाऊन त्यांना पाकीट उघडून पाहायला सांगितले. त्या गृहस्थांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि पत्नीला म्हणाले, “चल, हा दुसरा एजंट दिसतोय.”