'हरलं की डबल' : सात महिने वापरल्यानंतर

वापरलं काय, तर रुलेटवरची (फिरत्या चाकावर गोटी टाकून खेळायच्या जुगारातली) बाजी दुप्पट करत जायची पद्धत. मार्टिंगेल म्हणतात तिला. कुठे, तर पणजीला, मांडवीतल्या एका बोटीवर. एकूण बारा शनिवार.

नोकरी म्हापशाला, घर सावंतवाडीत. गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून कसिनोत खेळायला बंदी आहे. माझं आधार सिंधुदुर्गाचं, म्हणून मला दार उघडं. (ऑफिसातले गोंयकार याला माझं दुर्दैव म्हणतात.)

पद्धत सोपी. लालवर ५०० लावायचे. हरलं की १,०००, मग २,०००. कधीतरी लाल येतोच, आणि आला की मागचं सगळं भरून निघून वर ५०० सुटतात. चाकावर ३७ घरं : १८ लाल, १८ काळी, एक हिरवं शून्य. म्हणजे जवळपास निम्मा चान्स. पाचशेपासून लाल येईपर्यंतचा एक डाव धरला, तर सलग सातदा हरायची शक्यता साधारण १०६ डावांत एकदा.

आणि खोटं कशाला बोलू, पद्धत चालते. पहिल्या नऊ शनिवारी एकदाही हात हलवत परतलो नाही. वहीत ५८,५०० जमा. त्यातून घरी फ्रिज आला.

दहाव्या शनिवारी काळा, काळा, शून्य, काळा... सात झाले. ६३,५०० गेले. वरच्या पडद्यावर मागचे आकडे दिसत होते आणि मला वाटत होतं, आता लाल येणं भागच आहे. गोटीला त्या पडद्याशी काय घेणं? आठवी बाजी ६४,००० ची हवी होती आणि टेबलाची मर्यादा ५०,०००. ती पाटी पहिल्या दिवसापासून समोर होती. मला वाटायचं, ती बड्या लोकांसाठी आहे.

मी रात्रीला बारा-तेरा डाव खेळायचो. म्हणजे १०६ वा डाव आठ-नऊ रात्रींवरच होता. हा भागाकार मी नंतर केला.

जेटीवरून दादाला फोन लावला. तो म्हणाला, "गेले ते गेले. आता घराक ये." वहीप्रमाणे मी तेव्हा फक्त ५,००० ने मागे होतो, पेट्रोल-प्रवेश सोडून. पण डोक्यात ५,००० नव्हतेच, ६३,५०० होते. जिंकलेले पैसे फ्रिज झाले होते, हरलेले माझे होते.

पाचशे-पाचशेने ते काढायला १२७ डाव लागले असते. एवढा धीर कुणाला? बायकोच्या बांगड्या सोनेतारणात ठेवल्या आणि सुरुवातच २,००० पासून केली. मर्यादा तीच असल्याने आता पाचच पायऱ्या मावत होत्या. सलग पाच हार, म्हणजे २८ डावांत एकदा. लवकर वसूल करायच्या नादात खड्डा मीच जवळ ओढला. नऊ डाव जिंकलो, १८,००० आले, दहाव्यात ६२,००० गेले.

बाराव्या शनिवारी बॅकरा या पत्त्यांच्या खेळात 'टाय'वर, म्हणजे दोन्ही बाजूंची बरोबरी होण्यावर, बसलो, कारण तिथे एकाला आठ मिळतात. टाय साधारण साडेदहा हातांत एकदा पडतो. ४०,००० संपायला दीड तास लागला.

वही ८९,००० उणे दाखवते. बांगड्या अजून बँकेत आहेत. फ्रिज मात्र उत्तम चाललाय, त्याचा अनुभव वेगळा लिहीन.