एंड मिल बोथट झाली: घरी धार लावायची, बाहेर द्यायची की नवीन घ्यायची?

घरच्या मिलिंग मशीनशेजारी बोथट एंड मिलचा (टोकाला आणि बाजूला धार असलेल्या दंडगोल कटरचा) डबा भरत आला की मनात पहिला विचार येतो तो ग्राइंडर घेण्याचा. त्याआधी भिंग घ्या आणि एकेक कटर दिव्याखाली सावकाश फिरवा. ताजी धार उजेडात चमकत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथली धार गेलेली. रेघ कुठे आहे आणि किती रुंद आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

आपण हौशी माणसं बहुधा उथळ काप घेतो, त्यामुळे झीज खालच्या तोंडाला आणि कोपऱ्यांवर होते; वरचा फ्लूट (बाजूची पिळाची खाच आणि तिची धार) कोराच राहतो. असा कटर घरीच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. ईआर कोलेटचा (कटर घट्ट पकडणाऱ्या चिरा असलेल्या नळीचा) चौकोनी ब्लॉक दोन आणि चार फ्लूटला चालतो, षटकोनी ब्लॉक तीन फ्लूटला. बेंच ग्राइंडरवर कप व्हील (वाटीच्या आकाराचं घासायचं चाक), समोर पक्कं टेबल आणि ब्लॉक टेकवायला पट्टी. टेबल असं तिरकं करायचं की रिलीफ (धारेमागचा उतार) सहा ते आठ अंश मिळेल. पट्टी एक-दोन अंश वळवायची, म्हणजे दात मध्याकडे किंचित खोल जातात आणि कटर तळाला घासत नाही. एका दातावर हलका काप, ब्लॉक पुढच्या बाजूवर, स्टॉप जिथल्या तिथे. झाल्यावर डायल गेज लावून सगळे दात 0.02 मिमीच्या आत आहेत का ते बघा. एक दात उंच राहिला तर सगळा मार तोच खातो आणि फिनिशही बिघडते.

कोपरा तुटलाच असेल तर तेवढा तुकडा पातळ कटिंग डिस्कने उडवून नवं तोंड करता येतं. मात्र मग दातांमधली मधली खाचही पातळ व्हीलने पुन्हा काढावी लागते, नाहीतर कटर सरळ खाली उतरणार नाही. हे काम किचकट आहे. म्हणून झीज 0.2-0.3 मिमीची असतानाच धार लावावी. तेव्हा हाताच्या दोन फेऱ्यांत काम होतं.

तोंडाला धार लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लांबी घटते, पण व्यास तोच राहतो. बाजूच्या धारेचं तसं नाही. 12 मिमीचा कटर फ्लूटवर ग्राइंड केला की दोन-चार दशांश मिलिमीटर कमी होतो. 12 मिमीच्या एन-नाइन कीवेला (ठरलेल्या मापवर्गातल्या चावीच्या खाचेला) एकूण सूटच 43 मायक्रॉनची; तिथे हा कटर एका पासमध्ये माप देणार नाही. बाजू काढायला, पॉकेट मोठं करायला तो उत्तम, पण त्याच्या शॅन्कवर (पकडायच्या दांड्यावर) नवा व्यास लिहून ठेवा.

फ्लूटला घरी धार लावायची तर कटर हेलिक्सप्रमाणे (फ्लूटच्या पिळाप्रमाणे) फिरत फिरत सरकला पाहिजे. त्यासाठी एअर स्पिंडल (हवेच्या थरावर फिरणारा, सरकणारा दांडा) आणि दाताखाली आधाराचं बोट लागतं, शिवाय कंप्रेसर. डेकेल एसओ या जर्मन ग्राइंडरच्या धर्तीवरचे स्वस्त यू-टू ग्राइंडर मुळात एका धारेच्या एनग्रेव्हिंग कटरसाठी आहेत. त्यावर एंड मिलचं तोंड छान होतं, लेथच्या टूलसाठीही ते उपयोगी. फ्लूटसाठी मात्र वेगळी अटॅचमेंट घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये प्रोफेसर चॅडॉक यांनी आराखडा केलेला क्वॉर्न ग्राइंडर हे सगळं करतो, पण तो बांधणं हाच एक लांबलचक प्रकल्प आहे. बांधण्यात आनंद असेल तर जरूर बांधा. नुसत्या धारेसाठी नको.

फ्लूट झिजलेले मोठे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर बाहेर द्यावेत. भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत रीग्राइंडिंगची जॉबवर्क मिळतात. एकदोन नग घेऊन गेलात तर भाव चढा लागतो, म्हणून साठवून द्या. माझा ठोकताळा असा: धारेचा खर्च नव्या कटरच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर नवा घ्यावा. 6 मिमीखालच्या एंड मिलला या हिशोबात बहुधा नवाच परवडतो, मग तो एचएसएस असो की कार्बाइड. 16 मिमीपुढच्या चांगल्या एचएसएस कटरला, साइड अँड फेस कटरला (घेराला आणि बाजूंना दात असलेल्या चकतीला) मात्र धार लावणं जवळपास नेहमीच परवडतं.

गिअर कटरची गोष्ट वेगळी. त्याला धार फक्त दाताच्या पुढच्या सपाट तोंडावर, मध्याच्या रेषेत लावायची. मागे व्हील लावलं की दाताचा आकार गेला. हे काम घरी इंडेक्स करून (दर दाताला सारखंच फिरवून) सहज जमतं आणि महागडा कटर वर्षानुवर्षं टिकतो.

व्हीलवर काटकसर करू नका. एचएसएसला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, साठ ग्रिटच्या आसपास, किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड). डायमंड फक्त कार्बाइडसाठी. स्टीलवर तापला की तो लवकर झिजतो. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतो, त्यामुळे चांगला मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका, आणि लेथचा बेड आधी झाकून घ्या.