कोर्टाच्या ऑर्डरवर घरी उपचार: न्यूयॉर्क की इंग्लंड, खर्च कुठे वाचला?
माझ्या मामाला मानसिक आजारामुळे वर्षातून दोनदा तरी ॲडमिट करावं लागायचं, गोळ्या बंद केल्या की परत तेच, म्हणून परळला ओपीडीच्या लाईनीत बसून मी हा विषय वाचत आलोय. न्यूयॉर्कमध्ये 1999 पासून केंड्राज लॉ आहे, म्हणजे कोर्ट सांगतं की घरी राहून उपचार घ्यायचेच, पण सोबत केस मॅनेजर, म्हणजे पेशंटच्या उपचारांकडे लक्ष ठेवणारा माणूस येतो आणि सरकारचा पैसाही येतो. 2013 च्या अभ्यासात न्यूयॉर्क शहरातल्या पेशंटांवरचा एकूण खर्च पहिल्याच वर्षी 43 टक्के कमी झाला कारण हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होणं घटलं, औषधं आणि ओपीडीचा खर्च मात्र वाढला. इंग्लंडमध्ये 2008 पासून अशी सक्ती कोर्ट नाही, डॉक्टर करतात, आणि तिथल्या ऑक्टेट ट्रायलमध्ये, म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या अभ्यासात, 336 पेशंट होते, वर्षभरात परत ॲडमिट झालेले अशी ऑर्डर दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत 36 टक्केच!

हां, न्यूयॉर्कवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते त्यामुळे तुलना सरळ नाही. तरी मला वाटतं पैसा वाचवला तो ऑर्डरने नाही, पेशंटचा पाठपुरावा करणाऱ्या माणसांनी. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशी सक्ती नाहीच, आणि मामा सावरला तो दर महिन्याला फोन करणाऱ्या सोशल वर्कर ताईंमुळे.